शिशाची जुनी गोळी: आधी वजन करा

इंग्लंडच्या शेतात मेटल डिटेक्टरला लागलेली शिशाची गोळी कोणत्या बंदुकीची हे ओळखायचं असेल आणि ती चेपलेली असेल, तर व्यास मोजत बसू नका, वजन करा. आकार बिघडला तरी वजन फारसं घटत नाही. ‘ब्राउन बेस’ मस्केटची (ब्रिटिश सैन्याच्या जुन्या लांब बंदुकीची) गोल गोळी साधारण 31-32 ग्रॅम भरते. पण गोल गोळ्या शेकडो वर्षं ओतल्या गेल्या, तेव्हा नुसत्या गोलाईवरून साल ठरवू नका. टोकदार, बुडाशी पोकळ आणि अंगावर तीन खाचा असतील तर ती मिनिए (फ्रेंच अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी रायफलची गोळी) धर्तीची, म्हणजे 1849 च्या आधीची नाही. अमेरिकन यादवी युद्धाच्या रणभूमीवर अशा खूप सापडतात. पांढरा थर तारेच्या ब्रशने अजिबात घासू नका! साच्याची शिवण, नळीतल्या आट्यांचे ओरखडे, सगळं त्याच्यासोबत जातं. आणि हात साबणाने धुवाच, तो थर विषारी असतो.