जुन्या तिफणीचं लाकूड तडकू नये म्हणून

माळ्यावरची आजोबांची तिफण (बी पेरायचं लाकडी अवजार) उन्हाळ्यात तडकते, पावसाळ्यात बुरसते. वॉर्निश नको, त्याचे पापुद्रे निघतात. जवसाचं तेल लावा.

१. पाणी न मारता कोरड्या ब्रशने माती काढा. चाडं (बी टाकायचा वाटीसारखा भाग) आणि त्याखालच्या नळ्यांच्या भोकांत जुनं बी-माती हमखास अडकलेली असते, ती काडीने कोरा.
२. फडक्याने तेलाचा पातळ हात द्या, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसा. सुकायला आठवडा सहज जातो, मगच दुसरा हात.
३. वाळवी लागू नये म्हणून जमिनीवर न ठेवता विटांवर ठेवा.

खिल्लार बैलजोडीचं जूही असंच जपता येतं, पूर्ण सुकल्यावरच मानेवर ठेवा.

जपून: तेलाच्या फडक्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. फडकी उघड्यावर पसरून वाळवा.