नर्सिंगला जाताय? प्रवेशाआधीच्या तयारीतल्या या चुका टाळा

नर्सिंगला जायचं ठरलं की बहुतेकांची तयारी प्रवेश परीक्षेपर्यंत जाते आणि तिथेच थांबते. यादीत नाव लागलं की पुस्तकं कपाटात. मग पहिल्याच सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र आणि वॉर्डातली ड्यूटी एकदम अंगावर येतात आणि भरपूर गुण घेऊन आलेली मुलंमुलीही गांगरून जातात. ती अडखळतात त्या जागा दरवर्षी साधारण त्याच असतात, त्यामुळे त्यांची तयारी आधी करता येते.

गणित सुटलं असं समजणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. जीवशास्त्र आवडतं आणि गणित नको, म्हणून इकडे वळणारे बरेच असतात. पण औषधाचा डोस, सलाईनचा वेग, लहान मुलाच्या वजनाप्रमाणे द्यायची मात्रा, हे सगळं हिशोबाचंच काम आहे. दिलासा एवढाच की अपूर्णांक, दशांश आणि त्रैराशिक यांच्या फारसं पुढे ते जात नाही.

एक उदाहरण घेऊ. 1000 मिलिलीटर सलाईन 8 तासांत द्यायचं आहे आणि सेटमधून 1 मिलिलीटरला 20 थेंब पडतात. एकूण थेंब 20,000 आणि 8 तास म्हणजे 480 मिनिटं. भागाकार केला की 41.67, म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. घाईत तासांची मिनिटं करायची राहून जातात आणि 8 नेच भागलं जातं. उत्तर येतं 2500, आणि ते तसंच वहीत उतरतं. मिनिटाला 2500 थेंब म्हणजे अख्खी बाटली 8 मिनिटांत रिकामी! सूत्र चुकणं समजू शकतो. उत्तराकडे बघून शंकासुद्धा न येणं जास्त काळजीचं आहे. म्हणून गणित सोडवण्याआधी मनात अंदाज बांधायचा आणि आलेलं उत्तर त्याच्याशी ताडून बघायचं. ही सवय सूत्रापेक्षा जास्त वेळा वाचवते.

एककांचंही तसंच. 1 ग्रॅम म्हणजे 1000 मिलिग्रॅम आणि 1 मिलिग्रॅम म्हणजे 1000 मायक्रोग्रॅम. इथे गल्लत झाली तर चूक थोडीथोडकी नसते, हजारपट असते. आकडे लिहिण्याची शिस्तही आत्तापासून लावून घ्या. ‘.5’ असं लिहिलं आणि टिंब दिसलं नाही तर वाचणारा 5 वाचतो, म्हणून 0.5 लिहायचं. ‘5.0’ चे घाईत 50 होतात, म्हणून नुसतं 5. इन्सुलिनच्या आकड्यापुढचं इंग्रजी ‘यू’ हे अक्षर शून्यासारखं दिसतं आणि 10 चे 100 वाचले जातात, म्हणून ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायचा. रोज चारपाच गणितं कॅल्क्युलेटरला हात न लावता सोडवलीत तर कॉलेज सुरू होईपर्यंत भीती बरीच ओसरते.

हाडांची नावं पाठ, कारणं कोरी

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण 206 हाडं असतात आणि ती पाठ करता येतात. पण वॉर्डात प्रश्न वेगळ्या तऱ्हेने समोर येतो. ऑपरेशन होऊन आलेल्या पेशंटची नाडी 72 होती, तासाभरात 98 झाली. मोठ्या माणसाची विश्रांतीतली नाडी 60 ते 100 असते हे पाठ करणारा ‘नॉर्मल’ लिहून पुढच्या बेडकडे जातो. ज्याला शरीरक्रिया कळली आहे तो थांबतो. वेदना, ताप, भीती यांनीही नाडी वाढते. पण आत रक्तस्राव होत असेल तर हृदय आधी वेगाने धडधडून कमतरता भरून काढतं, त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते आणि रक्तदाब बराच वेळ टिकून राहू शकतो. नुसत्या रक्तदाबाकडे डोळे लावून बसणाऱ्याला उशिरा कळतं.

त्यामुळे वाचताना प्रत्येक पानावर ‘असं का होतं आणि मग पुढे काय होईल’ हे स्वतःला विचारा. रंगीत पेनाने ओळी रंगवून तेच पान चारदा वाचलं की आल्यासारखं वाटतं, पण तो भास असतो. पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहून बघा. दुसऱ्या दिवशी पुन्हा आणि आठवड्याने पुन्हा. पहिल्या दिवसात विसरणं सगळ्यात झपाट्याने होतं, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं.

नर्सिंगच्या परीक्षेत ‘आधी काय कराल?’ असे प्रश्न येतात आणि चारही पर्याय बरोबर वाटतात. तिथे श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण हा क्रम डोक्यात पक्का हवा.

लस आणि कागदपत्रं शेवटच्या आठवड्यावर ढकलणं

हिपॅटायटिस बी लसीचे नेहमीचे तीन डोस 0, 1 आणि 6 महिने असे असतात, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करतात, म्हणजे लस लागू पडली का ते रक्तात बघतात. लस झालेली नसेल आणि कॉलेज सुरू व्हायला महिना राहिला असताना जागे झालात, तर हा हिशोब जमत नाही. गोवर, कांजिण्या यांच्या लसींचे दाखलेही शोधून ठेवा. क्षयरोगाची तपासणी लागते का, तेही आधीच विचारा.

‘रक्त बघून चक्कर येते, मग हे क्षेत्र आपलं नाही’

हा निर्णय फार घाईचा असतो. रक्त किंवा सुई बघितल्यावर काहींचा रक्तदाब आणि नाडी अचानक खाली येते, मेंदूला रक्त कमी पडतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. यात मनाचा कमकुवतपणा वगैरे काही नाही. उपाशीपोटी वॉर्डात जाऊ नका, पाणी प्या, गुडघे ताठ करून एका जागी उभे राहू नका. घाम फुटला, कानात आवाज यायला लागला की सोबतच्या सिस्टरना सांगून सरळ खाली बसा. उभ्याने कोसळून डोकं फोडून घेण्यापेक्षा ते बरं. ज्यांना हा त्रास वारंवार होतो त्यांच्यासाठी एक सोपा सराव आहे: दंड, मांड्या आणि पोटाचे स्नायू 10 ते 15 सेकंद घट्ट आवळायचे, मग 20 ते 30 सेकंद सैल सोडायचे, असं पाच वेळा. त्याने रक्तदाब थोडा वर राहतो. घरी जमलं की मग रक्त काढतानाचे व्हिडिओ बघत करायचा.

हात धुता येतात, त्यात काय शिकायचं?

साबण-पाण्याने 40 ते 60 सेकंद, हँडरबने (हातावर चोळायच्या सॅनिटायझरने) 20 ते 30 सेकंद. घड्याळ लावून एकदा बघा, आपण किती लवकर उरकतो ते कळेल. अंगठे आणि बोटांची टोकं हमखास सुटतात. हातमोजे घातले म्हणून हात धुणं टळत नाही, आणि मोजे काढल्यावरही धुवायचे असतात. लांब किंवा कृत्रिम नखं प्रवेशाआधीच काढून टाका.

मोबाईल

पहिला गणवेश, पहिला वॉर्ड, फोटो काढावासा वाटणारच. पण मागे पेशंटचा चेहरा, बेडवरचा केसपेपर किंवा भिंतीवरची नावांची पाटी येते आणि त्या माणसाचा आजार त्याला न विचारता जगजाहीर होतो. नाव न लिहिता ‘आज एक केस बघितली’ अशी पोस्ट टाकली तरी ओळखणारे ओळखतात. फोटो हवाच असेल तर कॉलेजच्या फाटकाशी काढा.