न्हाणीघराचं बजेट: आधी फरशीखालचं, मग नळांचं

खालच्या काकू तिसऱ्यांदा वर आल्या त्या हातात कागदाची पुडी घेऊन. पुडीत त्यांच्या छताचे पोपडे होते. त्या दिवशी न्हाणीघर फोडायचं ठरलं. डोंबिवलीतली जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही, घरात माणसं पाच आणि न्हाणीघर एक. मी एका शाळेच्या ऑफिसात हिशेब बघते, त्यामुळे पहिल्या दिवसापासून वही घातली. हे सगळं त्या वहीतलं आहे, २०२३च्या दिवाळीनंतरचं. तुमच्याकडे भाव वेगळे असतील, पण पैसे कुठून गळतात ती ठिकाणं बहुतेक हीच निघतील.

तीन मिस्त्र्यांना बोलावलं. एकाने ६२ हजार सांगितले, दुसऱ्याने ८८, तिसऱ्याने १ लाख २० हजार. पहिला अर्थातच आवडला. ‘सगळं आलं ना यात?’ विचारलं तर ‘हो ताई, सगळं’ म्हणाला. मग मी कागद पुढे केला आणि एकेक विचारत गेले. राडारोडा खाली कोण उतरवणार? वॉटरप्रूफिंग? नळ कोणाचे? जीएसटी धरून की वेगळा? ६२ हजारांत यातलं काहीच नव्हतं. तेव्हा भाव मागण्याआधी कामांची यादी स्वतः लिहा आणि तिघांनाही तीच द्या. यादी एक नसेल तर तीन आकड्यांची तुलनाच होत नाही. आम्ही शेवटी दुसऱ्याला काम दिलं, पण फक्त मजुरीवर. साहित्य मी आणायचं ठरलं.

यादी खालून वर लिहायची. आपण उलटं करतो. आधी टाइल्सच्या दुकानात जातो, तिथे जीव अडकतो, मग उरलेल्या पैशांत पाइप बसवतो. आम्हीही तीन रविवार टाइल्स बघण्यात घालवले. शेवटी हिशेब मांडला तर टाइल्सची किंमत एकूण खर्चाच्या दहाव्या भागाहूनही कमी निघाली.

आधी माप घ्या. आमचं न्हाणीघर ७ फूट बाय साडेचार फूट. चारही भिंतींची लांबी २३ फूट, टाइल्स ७ फुटांपर्यंत, म्हणजे १६१ चौरस फूट. त्यातून दार आणि खिडकीचे २१ वजा केले, राहिले १४०. जमीन साडेएकतीस. कापाकापीत तुटतं म्हणून दोन्हींवर दहा टक्के वाढवले: भिंतीला १५४, जमिनीला ३५. आमच्या टाइल्सच्या एका खोक्यात १० फूट माल होता, म्हणून १६ खोकी भिंतीची आणि ४ जमिनीची. दुकानदार २४ सांगत होता. तुमच्या खोक्यावर किती फूट ते छापलेलं असतं, तेवढ्याने भागा. सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना, तेही बघा, नाहीतर भिंतीवर दोन रंग दिसतात. न फोडलेली खोकी परत घेणार का, हे विचारून बिलावर लिहून घ्या. तोंडी ‘हो हो’वर जाऊ नका.

आता तोडफोड. मिस्त्री म्हणाला होता, वीस-पंचवीस गोण्या निघतील. निघाल्या ६३. कारण जमीन म्हणजे नुसती फरशी नव्हे. जुन्या बिल्डिंगींत न्हाणीघराचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. आमचा नऊ इंच निघाला. साडेएकतीस फुटांवर नऊ इंच म्हणजे पाव ब्रासच्या (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) आसपास, वर भिंतींचं प्लास्टर, आणि फोडलेला माल फुगतो. गोणीमागे ४० रुपये उतरवायचे, टेम्पोचे वेगळे. वर रेती-सिमेंटही डोक्यावरूनच चढणार. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी ही ओळ हलक्या मनाने वाचावी. सोसायटीने राडारोड्यासाठी ५ हजारांची अनामत घेतली. ती परत मिळाली, म्हणून खर्चात धरली नाही, पण महिनाभर ते पैसे हातात नव्हते.

गळती नसेल तर एवढं फोडायची गरज नाही. जुन्या टाइल्स घट्ट असतील तर अ‍ॅढेसिव्हने त्यांच्यावरच नव्या बसतात. फक्त जमीन अर्धा इंच वर येते, दार खालून कापावं लागतं. पण खाली ओल आली असेल तर वरून टाइल्स चढवणं म्हणजे काकूंना पुन्हा वर बोलावणं.

वॉटरप्रूफिंगमध्ये मी एक रुपया घासाघीस केली नाही. स्लॅब साफ करून भेगा आणि नहाणी ट्रॅपभोवतीची (जमिनीतल्या पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याभोवतीची) जागा भरणं, मग केमिकलचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, भिंतीवर फूटभर वरपर्यंत. शॉवरच्या भिंतीला आणखी वर. त्यावर कोबा, आणि कोब्याला आठवडाभर पाणी. हा आठवडा मिस्त्री गाळायला बघतो, कारण त्याला दुसरीकडे जायचं असतं. टाइल्स लागण्याआधी पाणी भरून चाचणी घ्याच. नहाणीचं तोंड बंद करायचं, दोन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारायची आणि ४८ तास हात लावायचा नाही. थोडं पाणी हवेत उडतं, त्याने घाबरू नका. खरा निकाल खालच्या घरात लागतो. काकू दोन्ही दिवस टॉर्च घेऊन छताखाली उभ्या होत्या.

बजेट फुटलं ते प्लंबिंगमध्ये. भिंतीतली जुनी लोखंडी लाइन काढायला गेले तर ती संडासाच्या भिंतीपर्यंत सडलेली. तिथे नवा पाइप जोडला असता तर सहा महिन्यांत जोडाशेजारून फुटली असती. सगळी बदलली, सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची टाकली. मात्र नळांच्या जागा आम्ही हलवल्या नाहीत, त्यात बरेच वाचले. नळ भिंतीबाहेरचे स्वस्त घेतले तरी चालतात, दहा मिनिटांत बदलता येतात. डायव्हर्टरचं (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा भाग) तसं नाही, तो भिंतीत गाडला जातो. ज्याचा आतला सुटा भाग आपल्या नाक्यावरच्या दुकानात मिळतो, तोच घ्या. गीझर जुनाच ठेवला, पण त्याच्या लाइनला ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नवीन बसवला.

वहीत मी एक वेगळं पान ठेवलं होतं: ‘आता फोडलंच आहे तर’. घरातला प्रत्येक जण या वाक्याने सुरुवात करतो. ‘फोडलंच आहे तर संडासही करून घेऊ’, ‘फोडलंच आहे तर वर माळा काढू’. वाक्य ऐकलं की लगेच हो-नाही म्हणायचं नाही, पानावर लिहायचं, समोर आकडा टाकायचा, रात्री जेवताना वाचायचं. अकरा गोष्टी जमल्या होत्या, तीन ठेवल्या: एक्झॉस्ट फॅनचं भोक, वॉशिंग मशिनसाठी जादा नळ, आणि सासूबाईंसाठी धरायची दांडी. या तिन्ही नंतर करायच्या तर टाइल्स फोडाव्या लागल्या असत्या किंवा भोकं पाडावी लागली असती. माळा केव्हाही काढता येतो.

शेवटचा हिशेब असा:

तोडफोड, गोण्या, टेम्पो: १३,०२०
वॉटरप्रूफिंग आणि कोबा: १४,०००
प्लंबिंग, पाइप आणि मजुरी: १७,५००
टाइल्स ९,४८०, बसवण्याची मजुरी ७,७४०, सिमेंट-रेती-अ‍ॅढेसिव्ह ७,०००: २४,२२०
नळ, डायव्हर्टर, शॉवर, दांडी: ११,३००
वायरिंग, ईएलसीबी, एक्झॉस्ट: ५,२००
पीव्हीसी दार आणि ग्रॅनाइटची चौकट: ७,३००
काकूंच्या छताचा रंग: ३,५००
चहापाणी, रिक्षा, बाहेरचं जेवण: १,९००
एकूण: ९७,९४०

मी धरले होते ८० हजार. सगळे सांगतात, सरसकट वीस टक्के हातचे ठेवा. मला ते पटत नाही. पहिल्या तीन ओळींना मी ३३ हजार धरले होते, लागले ४४,५२०, म्हणजे पस्तीस टक्के जास्त. उरलेल्या ओळींत चूक झाली ती दोन खर्च धरलेच नव्हते म्हणून: काकूंचं छत आणि आमचे चहापाण्याचे. ते सोडले तर फरक हजार रुपयांचा. दुकानातल्या वस्तूचा भाव आधी कळतो, भिंतीच्या आतलं फोडल्याशिवाय कळत नाही. म्हणून हातचे फोडाफोडीवर आणि पाइपांवर एकतृतीयांश ठेवा, बाकीच्यांवर पाच टक्के पुरतात. काकूंच्या छताबद्दल घरात थोडी कुरबुर झाली. पण गळती आमच्या न्हाणीघराची, तेव्हा रंगही आमचाच.

दिवस पंधरा सांगितले होते, लागले एकोणीस. सासूबाई नणंदेकडे बदलापूरला, आम्ही आंघोळीला समोरच्या वहिनींकडे पाळीपाळीने. वहिनींनी पैसे घेतले नसतेच, म्हणून त्यांच्या गॅसचा एक सिलिंडर मी भरला. तो या हिशेबात नाही, घरखर्चात टाकला.

मिस्त्रीची मजुरी ३०,७४० ठरली होती. त्याने निम्मी उचल मागितली. मी पाच हप्ते लिहून दिले: सुरुवातीला ५,०००, राडारोडा उतरल्यावर ८,०००, पाण्याच्या चाचणीनंतर ७,७४०, टाइल्स पूर्ण झाल्यावर ७,००० आणि उरलेले ३,००० न्हाणीघर पंधरा दिवस वापरून झाल्यावर. साहित्याचे पैसे मिस्त्रीच्या हातात एकदाही दिले नाहीत, दुकानदाराला थेट दिले. शेवटच्या हप्त्यावर त्याने तोंड वाकडं केलं, मग ‘बरं ताई’ म्हणाला.

वापर सुरू झाल्यावर अकराव्या दिवशी पाणी नहाणीकडे जायचं सोडून दाराच्या कोपऱ्यात साचतंय असं दिसलं. फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला तो दारात उभा होता, चार टाइल्स काढल्या, उतार नीट केला, माळ्यावर जपून ठेवलेल्या जादा टाइल्समधल्या चार लावल्या आणि तीन हजार घेऊन गेला.