खाडीकाठचा वादक: पॉल गोगँच्या पद्धतीने चित्र कसे रंगवावे

फ्रेंच चित्रकार पॉल गोगँ यांनी १८८९ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील ल पुल्दू या किनारी वस्तीत ‘कड्यावरील फ्लॅजोलेटवादक’ हे तैलचित्र रंगवले. ते आज अमेरिकेतील इंडियानापोलिस कलासंग्रहालयात आहे. फ्लॅजोलेट हे आपल्या अलगुजासारखे टोकाशी फुंकायचे वाद्य. चित्रकाराने उंचावरून खाली पाहिल्यामुळे आकाशाला जागा उरलेली नाही, आणि कडा, वाट व पाणी एकामागे एक न राहता नक्षीसारखे शेजारी-शेजारी आले आहेत. उत्तर-दृक्प्रत्ययवादी (पोस्ट-इम्प्रेशनिस्ट, म्हणजे हुबेहूब दृश्यापेक्षा ठळक रंग व आकारांवर भर देणारी) पद्धत शिकणाऱ्या ठाणे-नवी मुंबईच्या चित्रकाराने याच चित्रापासून सुरुवात करावी, असे मला ठामपणे वाटते, कारण असे मोठे, वळणदार आकार ओहोटीच्या वेळी आपली खाडी आपणहून समोर मांडते.

म्हणून प्रथम भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे आणि ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी वाशीच्या सागर विहारासारख्या ठिकाणी पोहोचावे. पाणी उतरू लागले की चिखलातून वाकडेतिकडे ओहोळ उघडे पडतात. ओला चिखल जांभळट राखाडी दिसतो आणि सुकू लागलेला भाग खाकीकडे झुकतो. तिवरांच्या बुंध्यांभोवती बोटभर उंचीची श्वसनमुळे दाटीने उभी असतात. ती एक-एक करून काढू नयेत, त्यांचा संपूर्ण पट्टा हा एकच आकार मानावा. येथे पेन्सिलीने केवळ बाह्यरेषा घ्याव्यात, छायाप्रकाश टाळावा आणि काठ सोडून चिखलात उतरू नये.

आता खरी अडचण उंचीची. खाडीला कडा नाही. त्यावर उपाय असा की वादकाला इमारतीच्या आवारात बासरी वाजवत बसवावे आणि आपण दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून त्याचे रेखाटन करून ते खाडीच्या रेखाटनात बसवावे. वरून पाहताना डोके व खांदे अपेक्षेपेक्षा मोठे आणि पाय अगदी आखूड दिसतात. हात सवयीने त्यांना ‘नेहमीच्या’ मापात दुरुस्त करू पाहतो, तेव्हा प्रत्येक माप पेन्सिल धरून डोळ्यांसमोर पुन्हा तपासावे. बासरीमुळे मूळ चित्रापेक्षा एक महत्त्वाचा फरक पडतो. फ्लॅजोलेट वाजवणाऱ्याचे हात छातीसमोर एकत्र येतात आणि आकृती मिटलेली राहते. आडव्या बासरीची रेषा मात्र खांद्यांच्या रेषेला जवळजवळ समांतर जाते, कोपर बाहेर येते आणि आकृती एका बाजूला उघडते. ती उघडी बाजू ओहोळ ज्या दिशेने वळतो तिकडेच ठेवावी, म्हणजे वादक खाडीवर चिकटवल्यासारखा वाटत नाही. मला हा संपूर्ण कृतीचा गाभा वाटतो, आणि यासाठी तीन-चार कच्चे आराखडे केले तरी तो वेळ वाया जात नाही.

आराखडा कॅनव्हास बोर्डवर उतरवताना सात-आठ आकारांपुढे जाऊ नये. वाशीचा पूल आणि पलीकडच्या इमारती कितीही मोह घालोत, त्या घेतल्या की क्षितिज परत येते आणि चित्र साध्या निसर्गदृश्याकडे सरकते. वादक मध्यभागी बसवू नये.

रंगांच्या बाबतीत ऑक्टोबर १८८८ मधला एक प्रसंग उपयोगी पडतो. ब्रिटनीतीलच पाँतावेन या गावी गोगँ यांनी पोल सेरुझिए या तरुण चित्रकाराला सांगितले की झाड पिवळे दिसत असेल तर पिवळाच लावावा आणि सावली निळसर वाटली तर शुद्ध निळा घ्यावा. त्यातून लाकडी फळीवरचे ‘तालिस्मान’ हे लहानसे चित्र निर्माण झाले. तोच नियम येथे लावावा. चिखलात जाणवलेली जांभळी छटा स्पष्ट जांभळी करावी, तिवरांना निळा मिसळलेला गडद हिरवा आणि उन्हाचे पाणी गेरूकडे झुकणारे पिवळे द्यावे. काळा आणि पांढरा मिसळून रंग मळवू नयेत. अ‍ॅक्रिलिक लवकर सुकत असल्याने सपाट पट्ट्यांसाठी सोयीचे पडते. चपट्या ब्रशने आखूड, समांतर फटकारे उताराच्या दिशेने द्यावेत. ही सवय गोगँ यांनी पोल सेझान या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून उचलली होती.

बाह्यरेषा शेवटी, पातळ केलेल्या प्रशियन निळ्याने आणि बारीक गोल ब्रशने काढाव्यात. त्यांची जाडी सर्वत्र सारखी नसावी. बासरीभोवतीची रेषा ठळक असावी, तर पाणी आणि चिखल जेथे एकमेकांत मिसळतात तेथे ती तुटली तरी चालते. त्यानंतर बोर्ड उलटा धरून पाहावा. एखादा आकार इतरांपेक्षा पुढे उडी मारत असेल तर त्याचा रंग बदलण्यापूर्वी शेजारचा रंग बदलून पाहावा, कारण बहुतेक वेळा दोष तेथेच असतो. पावसाळ्यात दमट हवेमुळे थर सुकायला अधिक वेळ लागतो, तेव्हा रेषांची ही अंतिम दुरुस्ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडातच करावी.