महागडी जीन्स ऑनलाइन घेताय? आधी जुनी जीन्स फरशीवर पसरा

दहा-बारा हजारांची जीन्स मागवताना कमरेचं माप सगळे दोनदा बघतात. फसतो आपण उंचीत.

साइटवर ३२×३२ लिहिलेलं असतं. पहिला आकडा कमर, दुसरा इनसीम, म्हणजे आसनापासून खालच्या टोकापर्यंतची आतली लांबी, इंचात. आपल्याकडे नाशिकला शालिमार भागातल्या टेलरला ‘उंची’ विचारा, तो कमरेपासून बाहेरच्या शिवणीने मोजून चाळीस-एकेचाळीस सांगेल. दोघंही बरोबर, फक्त मापं वेगळी.

तेव्हा स्वतःला मोजत बसू नका. अंगाला नीट बसणारी जुनी जीन्स घ्या, बटण लावून फरशीवर सपाट पसरा, सुरकुत्या हाताने काढा. आसनात चार शिवणी जिथे मिळतात तिथे टेपचं टोक धरा आणि आतल्या शिवणीवरून खालपर्यंत या. तेच तुमचं इनसीम. कमरपट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा मोजून दुप्पट करा, ती कमर. लेबलवर ३२ असलेली जीन्स प्रत्यक्षात ३४ भरली तर दचकू नका, कंपन्या असं सर्रास करतात. आसनाची उंची आणि खालचा घेर टिपून ठेवा. घेर अरुंद असेल तर जास्तीचं कापड बुटावर चुण्या होऊन साचतं. मग साइटवरचा तक्ता बघा, पण तो कपड्याच्या मापाचा आहे की अंगाच्या, हे आधी तपासा.

आता कापड. सॅनफोराइज्ड डेनिम कारखान्यातच आटवलेलं असतं. धुतल्यावर साधारण एक ते तीन टक्के आटतं, म्हणजे ३२ इंचात जेमतेम एक इंच. अनसॅनफोराइज्ड मात्र दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. तिथे तीन इंच जास्तीचेच घ्या.

मी एकदा घाई केली. पार्सल आलं त्याच संध्याकाळी मेन रोडला जाऊन जीन्स कापून घेतली. टेलरकाका म्हणाले होते, “एकदा पाण्यातून काढून आणा.” ऐकलं नाही. दोन धुण्यांत घोट्याचं हाड उघडं पडलं.

पार्सल आल्यावर टॅग न काढता, नेहमीचे बूट घालून घरातच चालून, बसून बघा. धुतलेली जीन्स परत घेत नाहीत, म्हणून आधी पक्कं ठरवा, मग धुवा, वाळवा आणि त्यानंतरच टेलरकडे न्या.

टेलरला मशिनवर जाड सुई आहे का विचारा. बाजूच्या शिवणीवर दुमड घातली की कापडाचे इतके थर होतात की बारीक सुई तिथे मोडते किंवा टाके सोडते. मूळ शिवण चेनस्टिच, म्हणजे साखळीसारख्या टाक्याची असेल आणि त्याच्याकडे ते मशीन नसेल, तर जुनी किनार कापून तीच वर जोडायला सांगा. धुऊन विटलेली कड तशीच राहते. कापलेला तुकडा मागून घ्या. पुढे गुडघा फाटला की त्याच रंगाचं ठिगळ बाजारात मिळत नाही.