मोठ्या मॉनिटरवर मराठी अक्षरं फुटतात का? या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी मी नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून २७ इंची मॉनिटर घेऊन आले. घरी मराठी मुद्रितशोधनाचं काम चालतं. दिवसाचे सात-आठ तास स्क्रीनसमोर जातात आणि जुन्या १९ इंचीवर डोळे शिणायला लागले होते. नवा लावला, फाइल उघडली, तर रफार कुठे आणि अनुस्वार कुठे हेच कळेना. दुकानात त्याच मॉनिटरवर पक्ष्यांचा रंगीत व्हिडिओ चालू होता आणि तो खरंच सुंदर दिसत होता. मजकूर उघडून पाहायचं मात्र मलाही सुचलं नाही, दुकानदारालाही नाही.

इंच पाहिले, ठिपके (पिक्सेल) पाहिलेच नाहीत, ही माझी मुख्य चूक. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८० ठिपके. २४ इंचांत ते दर इंचाला साधारण ९२ पडतात. तेवढेच ठिपके २७ इंचांवर पसरले की ८२ उरतात. रोमन अक्षर एवढ्यातही निभावतं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि मधे जोडाक्षर, अशी एकाच ओळीत तीन मजली गर्दी असते. ‘राष्ट्रीय’, ‘मूर्च्छा’, ‘वर्षांत’ हे शब्द १० पॉइंटात टाइप करून बघा, फरक लगेच दिसेल. २७ इंचांतच २५६० बाय १४४० घेतला, म्हणजे दुकानात ज्याला क्यूएचडी किंवा टू-के म्हणतात तो, तर आकडा १०९ वर जातो. फोर-के, म्हणजे ३८४० बाय २१६०, घेतला तर १६३. आणि ३२ इंची क्यूएचडी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, की त्याची घनता पुन्हा ९२ वर येते, म्हणजे २४ इंची फुल एचडीइतकीच.

माझं स्पष्ट मत असं: मराठी वाचायचं-लिहायचं असेल तर २७ इंची क्यूएचडी घ्या. तेवढे पैसे नसतील तर २४ इंची फुल एचडी घ्या, २७ इंची फुल एचडी घेऊ नका. दोन्हीत आयपीएस नावाच्या प्रकारचं पॅनेलच मागा, बाजूनं पाहिलं तरी त्याचे रंग फारसे बदलत नाहीत. दुकानात जाताना आपली एखादी मराठी पीडीएफ पेनड्राइव्हवर न्या आणि १०० टक्क्यांवर उघडायला लावा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

माउसचा बाण अडखळत चालतो

फोर-के घेतलेल्यांची ही हमखास तक्रार, आणि दोष बहुतेक वेळा मॉनिटरचा नसतो. जुन्या लॅपटॉपचं एचडीएमआय, म्हणजे मॉनिटरला चित्र पाठवणारं पोर्ट, १.४ आवृत्तीचं असेल तर त्यातून फोर-केचं चित्र सेकंदाला फक्त ३० वेळा जातं. ६० हवं असेल तर दोन्ही टोकांना एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट (चित्राचंच दुसऱ्या प्रकारचं पोर्ट) १.२ लागतं, आणि केबलही त्या तोडीची. विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं गेलं की हा आकडा, म्हणजे रिफ्रेश रेट, दिसतो. बऱ्याचदा पोर्ट ६० द्यायला तयार असतं, पण सेटिंग ३० वरच अडकलेली असते. डेस्कटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल मदरबोर्डात नाही, त्या कार्डात खोचायची. टाइप-सी वाल्यांनीही जपून: प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र जात नाही, काहींतून नुसतं चार्जिंग आणि डेटा जातो. लॅपटॉपचं माहितीपत्रक आधी वाचा, मॉनिटर नंतर निवडा.

काळा रंग राखाडी, धुतल्यासारखा दिसत असेल तर ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनेलमध्ये एचडीएमआयची रेंज ‘लिमिटेड’ असेल, ती ‘फुल’ करा. अक्षरांच्या कडांना लाल-निळी झाक येत असेल तर रंगाचा फॉरमॅट आरजीबी आहे का पाहा, मग विंडोजचं क्लिअरटाइप, म्हणजे अक्षरांच्या कडा नीट करायची सोय, एकदा चालवा. मॉनिटरच्या मेन्यूतला शार्पनेस वाढवून अक्षर सुधारत नाही, उलट भोवती पांढरी किनार येते.

क्यूएचडी-फोर-केवर मजकूर बारीक वाटतो म्हणून काही जण रिझोल्यूशनच कमी करतात. मग जास्त पैसे देऊन घेतलेले ठिपके वायाच गेले. रिझोल्यूशन मॉनिटरचं मूळ आहे तेच ठेवा, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमधला स्केल, म्हणजे मजकूर आणि बटणांचा आकार, १२५ किंवा १५० टक्के करा. एक अडचण मात्र खरी आहे. मराठी छपाईच्या कामात अजून पेजमेकर ७ हे पानं लावायचं सॉफ्टवेअर भेटतं. ते २००१ सालचं, त्या काळी असे स्क्रीन नव्हते, त्यामुळे त्यात बटणं मुंगीएवढी होतात किंवा सगळंच धूसर दिसतं. आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथे हाय डीपीआय सेटिंग बदलून स्केलिंग ‘सिस्टिम’वर सोपवा. बटणं बारीक राहत असतील तर याने पुष्कळदा काम भागतं.

टेबल आणि कूलर

बाजारातली बरीच कॉम्प्युटर टेबलं जेमतेम दीड फूट खोल असतात. त्यावर २७ इंची ठेवला की तो नाकाशी येतो आणि संध्याकाळपर्यंत मान दुखते. हात पुढे लांब केला तर बोटं स्क्रीनला टेकावीत एवढं अंतर हवं, आणि स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. मागे व्हेसा या मापाची, ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावरची चार भोकं असतील तर टेबलाला आर्म, म्हणजे मॉनिटर धरणारा दांडा, लावून तो भिंतीकडे सरकवता येतो. मी शेवटी तेच केलं.

आपल्या नागपूरची गोष्ट वेगळी सांगायला हवी. बहुतेक घरगुती मॉनिटरांच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ४० अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस असताना गच्चीखालची बंद खोली त्याच्या पुढे सहज जाते. म्हणून दुपारी आधी खोली थंड करा, मग मॉनिटर लावा. पण कूलरचा झोत थेट त्याच्यावर नको. त्या हवेसोबत पाण्याचे तुषार येतात, आणि मागच्या जाळीतून ओल आत गेली की दुरुस्ती महाग पडते. मॉनिटर कूलरच्या रेषेबाहेर ठेवा, पश्चिमेच्या खिडकीसमोरही नको. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील किंवा स्क्रीन मधूनच लुकलुकत असेल तर सॉकेटची अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तीन पिनांचा प्लग दोन पिनांत अडकवणं अजिबात नको. जूनच्या गडगडाटात प्लग काढून ठेवलेलाच बरा.

पुसताना काच पुसायचा स्प्रे वापरू नका, स्क्रीनवरचा थर खराब होतो. मऊ कापड पाण्यात किंचित ओलसर करून पुरतं. ऑटोतून आणताना खोका उभाच धरा आणि बाहेर काढताना पडद्यावर तळवा दाबू नका. पहिल्याच संध्याकाळी लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे पूर्ण पडदाभर रंग लावून मेलेले ठिपके शोधा. एखाददुसरा ठिपका अनेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत, पण बदलून देण्याची मुदत चालू असेल तर दुकानदाराशी बोलता येतं. तोवर खोका आणि आतला थर्माकोल फेकू नका.