वाघ राहू द्या, आधी धुऱ्यावरचं मुंगूस टिपा

विदर्भात वाइल्डलाइफ फोटोग्राफी शिकायची म्हटलं की पोरांना सगळ्यात आधी ताडोब्याची जिप्सी आठवते. वाघ दिसला तर आनंदच आहे, पण शिकण्याच्या हिशेबाने तो सौदा महाग पडतो. जिप्सी थांबेल तिथूनच फोटो काढायचा, शेजारच्या दहा कॅमेऱ्यांचा कोनही तोच, आणि वाघ एक तर झोपलेला नाहीतर रमतगमत चाललेला. हात बसतो तो धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या मुंगसावर, बरडावरच्या, म्हणजे मुरमाड माळावरच्या सरड्यावर, गोठ्यामागच्या खारीवर. हे प्राणी फुकट आहेत, घराजवळ आहेत आणि सेकंदभराच्या वर उभे राहत नाहीत. मी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात राहून हेच करतो. नव्याने कॅमेरा घेतलेली पोरं जे विचारतात, ते एकदाचं लिहून टाकतो.

सामानाचं आधी उरकू. जुना, सेकंड-हँड क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि 70-300 किंवा 55-250 मिलिमीटरची लेन्स सुरुवातीला भरपूर झाली. मोठ्या लेन्ससाठी कर्ज काढू नका.

शटर स्पीडचं, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं त्याचं गणित मात्र एकदा स्वतः करून बघा. सेकंदाला पाच मीटर पळणारा प्राणी 1/250 सेकंदामध्ये 20 मिलिमीटर पुढे सरकतो, 1/2000 मध्ये अडीच. खारीचा अख्खा डोळा त्या 20 मिलिमीटरमध्ये पुसला जातो. म्हणून 1/1600 च्या खाली मी सहसा येत नाही. कॅमेरा मॅन्युअलवर, अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड घेणारं भोक) पूर्ण उघडं, आयएसओ (सेन्सरची उजेड पकडण्याची ताकद) ऑटो. डिसेंबरच्या धुक्यात आयएसओ 3200 च्या वर गेला तरी जाऊ द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. फोकस सतत चालणारा हवा: कॅननमध्ये एआय सर्व्हो, निकॉन-सोनीत एएफ-सी. आणि काळ्या मातीवर कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं, फोटो गरजेपेक्षा उजळ येतो, तेव्हा एक्स्पोजर थोडं उतरवून घ्या.

दुसरं गणित फोकसच्या खोलीचं. क्रॉप सेन्सरवर 300 मिलिमीटर लेन्स, अ‍ॅपर्चर 5.6 आणि चार मीटरवर प्राणी असेल, तर स्पष्ट दिसणारी पट्टी जेमतेम चार सेंटिमीटर असते. समोरून येणाऱ्या मुंगसाचं नाक आणि कान एकाच वेळी त्यात मावत नाहीत. म्हणजे फोकस डोळ्यावरच, बाकी सगळं सोडून द्यायचं.

पण खरं सांगू का, सेटिंग एका संध्याकाळी पाठ होतात. वर्षं जातात ती प्राणी आता कुठे येईल हे ओळखण्यात. पळणाऱ्याच्या मागे कॅमेरा फिरवणारा बहुतेक वेळा शेपटीच घेऊन घरी येतो. तो जिथे थांबणार आहे तिथे आधीच फोकस लावून बसायचं.

हे शिकायला सगळ्यात चांगला मास्तर म्हणजे गळ्याला पंखा असलेला सरडा. उन्हाळ्यात मुरमाड बरडावर जा, जिथे गवत तुरळक आणि दगड बरेच आहेत. नर एखाद्या उंचशा दगडावर चढतो, पुढच्या पायांवर उठतो, गळ्याखालची घडी खटकन उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. तुम्ही जवळ गेलात की मागच्या दोन पायांवर उठून असा पळतो की डोळ्यालाही लागत नाही. पळू द्या. त्याच्या मागे जाऊ नका, दगडासमोर पोटावर झोपा. त्याला आपली हद्द राखायची असते, त्यामुळे तो फिरून त्याच दगडावर किंवा हातभर पलीकडच्या दुसऱ्यावर येतो. डोकं वर उचललं की लगेच पंखा उघडणार. बर्स्ट, म्हणजे फोटोंची सलग माळ, तिथेच सुरू करायचा, रंग दिसल्यावर नाही. कोपराला मुरूम टोचतो, तेवढी एक जुनी गोधडी सोबत असू द्या. मे महिन्यात सकाळी नऊनंतर मात्र काही खरं नाही. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि महागातल्या महाग लेन्सचा फोटोही मऊ येतो.

मुंगूस दिवसा फिरतं आणि वाटेचं पक्कं असतं. धुऱ्याच्या कडेने, तुराट्यांच्या ढिगाखालून, नाल्याच्या काठाने त्याची ये-जा चालते. लहानपणी आपण सगळेच ‘मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ’ म्हणत मागे धावलो आहोत. शपथेने नाही, पण शंका आली की ते खरंच थांबतं. उघड्यावर आलं की मागच्या पायांवर उभं राहून चहूकडे पाहतं. तो क्षण हवा असेल तर वारा तुमच्या तोंडावर हवा आणि कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या उंचीवर. उभ्याने काढलेल्या फोटोत फक्त पाठ येते.

सशाच्या नादी सुरुवातीला लागू नका. तो अंधारातला प्राणी, आणि रात्री बॅटरी घेऊन वावरात फिरणारा माणूस गावाला आणि वनखात्याला शिकारीच वाटतो.

दिवसासुद्धा वावराच्या मालकाला विचारल्याशिवाय आत शिरू नका. ट्रायपॉड दिसला की लोकांना मोजणी आठवते. एका काकांनी मला बांधावरूनच विचारलं होतं, ‘काय पाहून राह्यला बावा? रस्ता जाऊन राह्यला का आमच्या वावरातून?’ मुंगसाचा फोटो काढतोय म्हटल्यावर त्यांना जास्तच संशय आला. स्क्रीनवर फोटो दाखवला तेव्हा कुठे हसले, आणि बीळ कुठे आहे तेही सांगितलं. विचारण्याचं दुसरं कारण जिवाचं आहे. रानडुकरांसाठी कोणी कुंपणाच्या तारेला झटका मशीन लावलेलं असतं, कोणी बेकायदा थेट करंट सोडलेला असतो. कुठली तार चालू आहे हे मालकच सांगू शकतो.

आणखी एक. जमिनीवर झोपण्याचा माझा सल्ला चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या पट्ट्यासाठी अजिबात नाही. तिथे वाघ वावरापर्यंत येतो आणि वाकलेला, बसलेला माणूस त्याला माणूस वाटेलच असं नाही. तिथल्यांनी घराच्या अंगणातल्या खारीवर हात बसवावा. बाकी ठिकाणीही घोणस आणि फुरसं याच बरडावर, याच दगडांखाली असतात. आडवं होण्याआधी काठीने जागा तपासा आणि पायात बूट असू द्या.

बिळात पाणी ओतून, धूर करून किंवा दोरा बांधून काढलेले फोटो ओळखू येतात. ससा, मुंगूस यांना वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 लागू आहे, जंगलाबाहेरच्या वावरातसुद्धा.

पैशाचं विचाराल तर नुसत्या प्राण्यांच्या फोटोंवर घर चालवणारी माणसं फार थोडी. माझी लग्नसराई चालते म्हणून मुंगूस चालतं, आणि मुंगसावर बसलेला हात वरातीत नाचणाऱ्यांवर कामी येतो. ओळख वाढवायची तर आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गातल्या नोंदींच्या वेबसाइटवर, तारीख-ठिकाणासह नोंदी टाका; जवळच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक कधीकधी अशा नोंदी बघतात आणि काम निघालं तर बोलावूही शकतात. फक्त खवले मांजर दिसलं तर ठिकाण कुठेच टाकू नका, फोटोतली जीपीएस नोंदही काढून टाका. तस्करी करणारेही नेट वापरतात.